तबकडीवर कोरलेला क्रमांक

पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी हार्बर मार्गावरील लोकल वडाळा रोड स्थानकात थांबते. याच वडाळ्यात एके काळी ‘यंग इंडिया’ छापाच्या ग्रामोफोन तबकड्या तयार होत असत, ही गोष्ट त्या मार्गाने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ या मुंबईच्या कंपनीने १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत दहा हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे बाजारात आणली. त्यांत शास्त्रीय गायन, चित्रपटगीते, लोकप्रिय गाणी आणि शैक्षणिक स्वरूपाच्या तबकड्याही होत्या. गाणारे आणि वाजवणारे मात्र बहुतांशी हौशी, तरुण आणि नवखे होते, आणि या छापाचे खरे मोल त्यातच आहे. कारण त्या काळातील नामवंतांचे गाणे इतर मार्गांनीही आपल्यापर्यंत पोहोचले, परंतु गावोगावच्या सामान्य गुणी गायकांचा आवाज कसा होता, हे कळण्याचे साधन अशा तबकड्यांखेरीज दुसरे जवळजवळ नाही.

१९५५ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले आणि तिच्या संगीताला वाली उरला नाही. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची जुनी ध्वनिमुद्रणे पुढे लाँग प्ले, कॅसेट आणि सीडी अशा नव्या रूपांत पुन्हा पुन्हा निघत राहिली, कारण त्या संग्रहाला मालक होता आणि त्या मालकाला विक्रीत रस होता. ‘यंग इंडिया’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तिच्या ज्या तबकड्या शिल्लक राहिल्या, त्या वृद्ध श्रोत्यांच्या कपाटांत आणि संग्राहकांच्या घरी राहिल्या. महाराष्ट्रात जुने संगीत टिकले ते काही प्रमाणात कंपन्यांमुळे आणि आकाशवाणीमुळे हे खरे. पण ज्या संगीताकडे बाजाराने पाठ फिरवली, ते केवळ एकमेकांना गाणी ऐकवणाऱ्या श्रोत्यांमुळे टिकले, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

अशा श्रोत्यांना संघटित रूप देण्याचे काम मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने केले. व्यवसायाने भौतिकशास्त्राचे संशोधक असलेले डॉ. सुरेश चांदवणकर हे या संस्थेच्या कामातील प्रमुख नाव होय. संस्थेची श्रवणसत्रे मुंबईबाहेरही भरत आली आहेत. श्रवणसत्र म्हणजे एखादा विषय, गायक, राग किंवा कालखंड ठरवून त्याच्या मूळ तबकड्या जमलेल्या श्रोत्यांना ऐकवणे आणि प्रत्येक तबकडीबरोबर तिची माहिती सांगणे. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या संस्थेच्या नियतकालिकातून कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांच्या सूची आणि तबकड्यांच्या कंपन्यांचे इतिहास प्रसिद्ध होत गेले. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यात आलेल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून पुढे ‘यंग इंडिया’च्या उपलब्ध तबकड्या, त्यांची लेबले, सूचिपत्रके आणि जाहिराती यांचे अंकीकरण झाले, तेही चांदवणकरांच्या पुढाकाराने. संग्राहकांनी आपापले खण उघडले नसते, तर या योजनेच्या हाती फारसे काही लागलेच नसते.

गाण्याबरोबर माहितीही का सांगायची, हे समजण्यासाठी एक तबकडी जवळून पाहिली पाहिजे. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची ही काळी चकती लाखेच्या मिश्रणाची असते. ती जड आणि ठिसूळ असते, हातातून निसटली तर फुटते, आणि स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसली तर लाख विरघळून कायमची खराब होते. तिच्या एका बाजूस जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटांचे संगीत मावते. मैफलीत तासभर रंगणारा राग एवढ्या अवधीत बसवायचा, म्हणजे काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय गायकाला आधीच घ्यावा लागे. या सक्तीतून जी रेखीव, घट्ट बांधणी जन्माला आली, ती मैफलीच्या गाण्याची कापलेली प्रत नसून एक स्वतंत्र कलाप्रकार आहे, असेच मानणे योग्य ठरेल.

मधल्या कागदी लेबलावर कंपनीचे नाव, गायकाचे नाव, गीताचा किंवा रागाचा उल्लेख आणि विक्रीसाठीचा क्रमांक छापलेला असतो. याखेरीज लेबलालगतच्या गुळगुळीत भागात आणखी एक क्रमांक कोरलेला असतो, त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात; तो मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी दिलेला असल्यामुळे लेबल फाटले किंवा वाळवीने खाल्ले तरी शाबूत राहतो. एकाच सत्रात कोणकोणती गाणी मुद्रित झाली, कोणते गाणे पुन्हा मुद्रित करावे लागले, हे अशा क्रमांकांवरून उलगडते. भारतातील पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी, १९०२ मध्ये कोलकात्यात झालेल्या गौहर जान यांच्या तबकड्यांत गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव पुकारते. मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवून तेथे तबकड्या काढल्या जात, आणि तेथील कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे, अशी ती सोय असल्याचे सांगितले जाते.

वेगाची बाब तर त्याहून नाजूक आहे. ७८ हा आकडा रूढ असला, तरी सुरुवातीच्या काळातील तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाने मुद्रित झालेल्या आढळतात, आणि वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आवाज पातळ होतो, ताना उगाच तडफदार वाटू लागतात. सुईचेही तसेच आहे. या तबकड्यांची खाच लाँग प्लेच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असल्याने लाँग प्लेची सुई वापरल्यास खरखर वाढते आणि गाणे दबते. एखाद्या जुन्या गायकाबद्दल ‘आवाज किनरा होता’ असा जो शेरा सहज मारला जातो, तो पुष्कळदा चुकीच्या वेगाचा किंवा चुकीच्या सुईचा परिणाम असू शकतो. जाणकार श्रोता सोबत असेल तर तो हे चटकन ओळखतो, म्हणूनच ऐकवणाऱ्याची जबाबदारी केवळ कळ दाबण्यापुरती नसते.

एका श्रोत्याच्या आग्रहामुळे एखादी तबकडी कुठवर जाऊ शकते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण गोव्यात केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचे आहे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवर पाठवायच्या सुवर्णतबकडीसाठी जगभरातील संगीत निवडले जात होते, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीतील ‘जात कहाँ हो’ या बंदिशीची शिफारस केली. ते ध्वनिमुद्रण बाजारातून केव्हाच नाहीसे झाले होते. निवड समितीतील अ‍ॅन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात त्याच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. साडेतीन मिनिटांची ती भैरवी त्याच वर्षी अवकाशात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाईंचे निधन झाले. दुकानदाराच्या हिशेबी जो माल पडून राहिला होता, त्याची किंमत एका ऐकणाऱ्याला ठाऊक होती.

तबकड्यांनंतर रेडिओने आणि मग कॅसेटने ऐकवण्याची रीत बदलली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’मध्ये श्रोत्यांनी पत्राने कळवलेली गाणी लागत, आणि आपल्या पसंतीचे गाणे अनोळखी घरांतही एकाच वेळी वाजते आहे हा आनंद तो कार्यक्रम देत असे. कॅसेटने १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रण इतके स्वस्त केले की कोळीगीते, भीमगीते, भारुडे, शाहिरी असे कितीतरी प्रकार प्रथमच मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले. वेसावकर आणि मंडळींच्या कोळीगीतांच्या कॅसेट किनारपट्टीवरच्या हळदी-लग्नांत घरोघर वाजल्या. आज खरी चिंता या कॅसेटचीच आहे. लाखेची तबकडी नीट ठेवली तर शंभर वर्षांनंतरही वाजते, पण कोकणातील दमट हवेत चुंबकीय फितीवर बुरशी धरते आणि फीत एकमेकीला चिकटते. शिवाय तबकड्यांना संग्राहक लाभले, तसे स्थानिक कॅसेटना अजून पुरेसे लाभलेले नाहीत.

पनवेल आणि उरणच्या पट्ट्यात याहूनही दुर्लक्षित असे एक संगीत आहे. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण लावत असे. ती स्त्री प्रत्येक विधीच्या वेळी जे गाते, त्या गीतांना धवले म्हणतात. हे गाणे एका स्त्रीकडून दुसरीकडे तोंडी चालत आले आहे आणि त्यातील फारच थोडे व्यावसायिक ध्वनिमुद्रणात उतरले. नवी मुंबईसाठी आणि नंतर विमानतळासाठी येथील भातशेती, मिठागरे आणि उलवे, चिंचपाडा, वाघिवलीसारखी गावे बदलली किंवा हलली. ज्या अंगणात हे गाणे होत असे ते अंगणच राहिले नाही, तेव्हा गाण्याची नोंद तरी झाली पाहिजे, याची निकड वाटायला हवी.

जुनी गाणी इतरांना ऐकवण्याबाबत कायद्याची धास्तीही अनेकांना असते, म्हणून त्याचा उलगडा आवश्यक आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे संरक्षण मिळते. त्यामुळे ‘यंग इंडिया’च्या अखेरच्या, १९५५ मधील तबकड्यांचेही ध्वनिमुद्रण २०१५ च्या अखेरीस मुक्त झाले. गीताचे शब्द आणि चाल यांवरील हक्क वेगळा असून तो गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. घरगुती श्रवणासाठी आणि जतनासाठी याची अडचण सहसा येत नाही.

पनवेलमधील जुने वाडे आणि चाळी पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत, आणि सामानाच्या आवराआवरीत पोटमाळ्यावरच्या तबकड्या व कॅसेट भंगारात जातात. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी ती देऊन टाकण्यापूर्वी प्रत्येक लेबलावरचा मजकूर आणि लेबलालगत कोरलेला क्रमांक एका वहीत उतरवून घ्यावा, शक्य तर लेबलाचे छायाचित्र काढावे आणि ती यादी जाणत्या संग्राहकापर्यंत पोहोचवावी. आणि ज्यांच्या घरात धवले गाणारी आजी अजून आहे, त्यांनी सर्वांत आधी तिच्यासमोर बसून, तिचे नाव, गाव आणि गीत कोणत्या विधीचे आहे हे विचारून तिचे गाणे मुद्रित करून घ्यावे; पेटीतल्या तबकड्यांचे काम त्यानंतर हाती घेतले तरी चालेल.