नसलेल्या जनुकाचा माग

रिओ दि जानेरोत १८७२ साली इलारिओ दि गोव्हेया या नेत्रवैद्यांनी एका लहान मुलाचा डोळा काढला. डोळ्यात कॅन्सरची गाठ होती. मुलगा वाचला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं. बायकोच्या घराण्यात हा आजार कुणालाच नव्हता. तरी त्यांच्या दोन मुलींना दोन्ही डोळ्यांत तीच गाठ आली आणि दोघीही दगावल्या. बापाचा रोगट डोळा तर मुलींच्या जन्माआधी कितीतरी वर्षं शरीरातून निघून गेलेला. मग मुलींपर्यंत पोचलं ते काय?

उत्तर मिळायला ११४ वर्षं लागली. आणि ते मिळालं तेव्हा कळलं, की मुलींना बापाकडून जादा असं काही आलंच नव्हतं. जे धडधाकट यायला हवं होतं, ते आलं नव्हतं.

आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा कॅन्सर. तो होतो तान्ह्या आणि लहान मुलांना, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. जन्माला येणाऱ्या साधारण पंधरा ते वीस हजार बाळांमागे एकाला. स्कॉटलंडचे सर्जन जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ साली मृत मुलांचे डोळे चिरून दाखवून दिलं, की गाठ दृष्टिपटलातून उगवते. वेळेत डोळा काढला तर मूल वाचेल, असंही त्यांनी लिहिलं. भूल देण्याचा शोध लागायला तेव्हा आणखी सुमारे चाळीस वर्षं होती. त्यामुळे हा सल्ला पाळणं म्हणजे आईबापांसाठी काय असेल, याची कल्पनाही करवत नाही.

पुढची मोठी उडी घेतली ती एका बालरोगतज्ज्ञाने, कागद आणि पेन्सिल घेऊन.

अल्फ्रेड नुडसन ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात काम करत होते. कॅन्सर नेमका किती घाव बसल्यावर होतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी हा आजार निवडणं म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखंच होतं. मोठ्या माणसाच्या कॅन्सरमागे तंबाखू, ऊन, धूर, वय अशा शंभर गोष्टींची सरमिसळ असते. तान्ह्या बाळाच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नसतं. शिवाय डोळा हा शरीराचा असा भाग आहे, की डॉक्टर बाहुलीतून आत डोकावून गाठी चक्क मोजू शकतो. लिव्हरमधल्या गाठी अशा मोजता येत नाहीत.

नुडसन यांनी रुग्णालयातल्या ४८ मुलांच्या नोंदी काढल्या. कोणत्या वयात आजार कळला, एका डोळ्यात की दोन्ही, गाठी किती, घराण्यात कुणाला होता का. मग आलेख काढला. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांची रेघ सरळ खाली उतरत होती. वय वाढेल तसा उरलेल्या मुलांतला ठरावीक हिस्सा आजारी पडत होता. संख्याशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ एकच: इथे फक्त एका योगायोगाची वाट पाहिली जात होती. एकाच डोळ्यात गाठ असलेल्या मुलांची रेघ मात्र आधी रेंगाळत होती आणि मग वळून खाली येत होती. दोन योगायोग एकामागून एक घडावे लागतात, तेव्हा रेघ अशी वागते.

जुन्या वाड्याच्या दाराला आतून दोन कड्या असाव्यात, तसं हे होतं. दोन्ही तुटल्याशिवाय चोर आत येत नाही. बहुतेक मुलं दोन्ही कड्या शाबूत घेऊन जन्मतात. त्यांच्या दृष्टिपटलातल्या एकाच पेशीत दोन्ही तुटणं ही फार दुर्मीळ गोष्ट, म्हणून तसं झालं तरी एकच गाठ होते आणि ती उशिरा होते. पण काही मुलांच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत पहिली कडी जन्मतःच तुटलेली असते. दृष्टिपटल घडवणाऱ्या लाखो पेशींपैकी कुठे ना कुठे दुसरीही तुटणारच. नुडसन यांच्या हिशेबाने अशा मुलाला सरासरी तीन गाठी होतात. सरासरी तीन असेल, तर शंभरातल्या साधारण पाच जणांना एकही होणार नाही, हेही त्याच गणितातून निघतं. एखाद्या घरात आजोबांना आजार, बाप ठणठणीत, पण नातवाला पुन्हा आजार, हे कोडं तिथे सुटतं.

हा निबंध १९७१ साली आला. त्यात जनुकाचं नाव नाही, गुणसूत्राचा क्रमांक नाही, प्रयोगशाळेत केलेला एकही प्रयोग नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या कॅन्सर संशोधनात इतक्या थोड्या साधनांत इतकं मोठं काम क्वचितच झालं असेल. तरी पुढची काही वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

जनुकाची जागा कुठली, याचा सुगावा खरं तर आधीच लागला होता. १९६३ साली लंडनहून एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला होता: रेटिनोब्लास्टोमाच्या एका रुग्णाच्या गुणसूत्राचा तुकडा गळून पडलेला दिसला. लेखक होते के. पी. लेले, लायोनेल पेनरोज आणि एच. बी. स्टॅलर्ड. पहिलं आडनाव मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. तिसरं नावही सोडून देण्यासारखं नाही. स्टॅलर्ड हे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलेले खेळाडू. पुढे ते नेत्रसर्जन झाले आणि किरणोत्सारी कोबाल्टची चकती डोळ्याला शिवून, डोळा न काढता गाठ मारण्याचं तंत्र त्यांनी रुळवलं. गळलेला तुकडा तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचा, हे सत्तरच्या दशकात पक्कं होत गेलं.

मग १९८३ साली वेब्स्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाचं रक्त आणि गाठ शेजारी ठेवून तपासली. रक्तातल्या पेशींत तेराव्या गुणसूत्राच्या दोन वेगळ्या प्रती दिसत होत्या, एक आईची, एक बापाची. गाठीत एकच उरलेली, आणि तीही बिघडलेली. दुसरी कडी तुटल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. आता फक्त ते जनुक हातात यायचं बाकी होतं.

‘फक्त’ हा शब्द इथे फार फसवा आहे. त्या काळी कॅन्सरची जनुकं शोधायची एक हुकमी युक्ती होती. माणसाच्या गाठीतला डीएनए उंदराच्या निरोगी पेशींत सोडायचा. त्या बेफाम वाढू लागल्या, की त्यांच्या पोटातून माणसाचं जनुक गळाला लावायचं. एमआयटीजवळच्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधले रॉबर्ट वाइनबर्ग याच युक्तीमुळे नावाजलेले होते. पण जे जनुक नसल्यामुळे कॅन्सर होतो, ते या गळाला लागणार कसं? नसलेली वस्तू पेशीत सोडता येत नाही.

चार्ल्स नदीच्या पलीकडे, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीत, थॅडिअस ड्रायजा नावाचा एक नेत्रतज्ज्ञ नेमकं हेच उलटं काम करत बसला होता. मुलांच्या काढलेल्या डोळ्यांतल्या गाठी त्याच्याकडे येत. तेराव्या गुणसूत्रातून उचललेला डीएनएचा एकेक सुटा तुकडा घ्यायचा, त्याला किरणोत्सारी खूण लावायची आणि गाठींच्या डीएनएवर तो चिकटतो का ते एक्स-रे फिल्मवर पाहायचं. मानवी जनुकांचा नकाशा तेव्हा नव्हता. तुकडा गुणसूत्रावर कुठला, हेही आधी माहीत नसे. इतर प्रयोगशाळांत लोक फिल्मवर काळी पट्टी उमटावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचे. ड्रायजा वाट पाहत होता पट्टी न उमटण्याची. त्यात आणखी एक पंचाईत अशी, की प्रयोग फसला तरी फिल्म कोरीच राहते. म्हणून त्याच मुलाच्या रक्तात पट्टी दिसली पाहिजे, गाठीत दिसता कामा नये, असा दुहेरी निकष.

बॉस्टनमधल्याच सॅम्युअल लाट यांच्या प्रयोगशाळेत मार्क लालांद यांनी तेरावं गुणसूत्र प्रकाशझोताच्या यंत्राने वेगळं काढून त्याचे तुकडे केले होते. त्यातल्या एकाचं नाव एच-थ्री-एट. मोजक्या काही गाठींत हा तुकडा पूर्ण गायब निघाला. दोन्ही प्रतींतून.

एच-थ्री-एट स्वतः जनुक नव्हता, पण जनुकाच्या उंबरठ्यापर्यंत त्याने आणून सोडलं होतं. आता नदी ओलांडायची वेळ आली. वाइनबर्ग यांच्याकडे स्टीफन फ्रेंड नावाचा तरुण बालरोगतज्ज्ञ संशोधन शिकत होता आणि त्याला याच आजाराने झपाटलं होतं. ड्रायजा आणि फ्रेंड एकत्र आले. एच-थ्री-एटच्या शेजारचे तुकडे एकेक करून तपासताना एक तुकडा असा निघाला, की तो उंदराच्या डीएनएलाही चिकटत होता. माणूस आणि उंदीर यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर. तरी उत्क्रांतीने जी अक्षरं जपून ठेवली, ती कामाचीच असणार. तोच तुकडा दृष्टिपटलाच्या पेशींतल्या आरएनएवर लावला. सुमारे ४,७०० अक्षरांचा एक संदेश दिसला. मग रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींवर लावला. तिथे काहीच नाही.

‘नेचर’मध्ये १६ ऑक्टोबर १९८६ रोजी निबंध छापून आला. कॅन्सर रोखणारं पहिलं मानवी जनुक हाती आलं होतं. त्या प्रयोगशाळेतलं हे झपाटलेपण नताली अँजिअर यांनी ‘नॅचरल ऑब्सेशन्स’ या पुस्तकात टिपलं आहे. शर्यतीत दुसरेही होते: कॅलिफोर्नियातल्या वेन-ह्वा ली आणि युएन-काय फुंग यांच्या गटांनी १९८७ मध्ये तेच जनुक स्वतंत्रपणे मांडलं. कोण आधी, यावरून पुढे बरीच धुसफूस झाली. तिचा विज्ञानाशी फारसा संबंध नाही. लींच्या गटाने १९८८ मध्ये निरोगी जनुक गाठीच्या पेशींत परत घालून दाखवलं. त्या पेशींचा उन्माद उतरला. मला हा प्रयोग त्या वादापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

त्याच वर्षी कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये एड हार्लो यांचं एक अडलेलं कोडं सुटलं. सर्दी-खोकला करणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसचं एक प्रथिन पेशीतल्या कुठल्याशा अनोळखी प्रथिनाला धरून बसतं, हे त्यांना दिसत होतं. ते अनोळखी प्रथिन म्हणजे डोळ्यातल्या त्या जनुकाचंच प्रथिन निघालं! पाठोपाठ कळलं, की गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणूही तेच प्रथिन निकामी करतो.  हे प्रथिन प्रत्येक पेशीला विभागणी सुरू करण्याआधी थांबवून धरतं. मग ते नसल्यावर सगळ्यात आधी डोळाच का बिघडतो? लॉस एंजेलिसच्या डेव्हिड कोब्रिनिक यांच्या गटाने याचं उत्तर बरंच जवळ आणलं आहे: रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी घडत असताना त्यांच्या वाढीचा लगाम मुख्यतः या प्रथिनाच्याच हातात असतो.

आणि नियम मोडणारे रुग्णही निघालेच. टोरांटोच्या ब्रेंडा गॅली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की काही अगदी लहान बाळांच्या गाठींत हे जनुक शाबूत असतं आणि ‘एमवायसीएन’ नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या ढीगभर प्रती झालेल्या असतात. एवढ्या सुबक सिद्धान्ताला असा अपवाद निघावा, हे मला बरंच वाटतं.

या सगळ्याचा घरातल्या माणसांना उपयोग काय? पूर्वी आजार असलेल्या घरात प्रत्येक भावंडाला वर्षानुवर्षं भूल देऊन डोळे तपासत. आता रक्ताच्या एका चाचणीत कळतं, की कोणत्या मुलाला ते बिघडलेलं जनुक आलं आहे. बाकीच्यांची सुटका होते. ज्यांना ते आलं आहे, त्यांना मोठेपणी हाडाच्या कॅन्सरचाही धोका असतो, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं. तपासणीसाठी या गाठीला सुई लावता येत नाही, कारण टोचलं तर पेशी बाहेर पसरू शकतात. पण २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्याच जेसी बेरी यांनी दाखवलं, की डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्याच्या थेंबात गाठीचा डीएनए सापडतो.

श्रीमंत देशांत आज हा आजार झालेल्या शंभरातली पंच्याण्णवहून जास्त मुलं वाचतात. आपल्याकडे बरीच मुलं उशिरा पोचतात, गाठ डोळ्याबाहेर आल्यावर. म्हणून वाचकांना एवढंच सांगायचं: मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत मुलाची एक बाहुली लाल किंवा काळी आणि दुसरी मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकत असेल, किंवा तान्ह्या बाळाचा डोळा अचानक तिरळा दिसू लागला असेल, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणू नका. बहुतेकदा कारण किरकोळच निघतं. तरीही नेत्रतज्ज्ञाकडे जा, बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासायला सांगा, आणि हे त्याच आठवड्यात करा.