पेटीच्या तळाची वही

घरात उर्दू, गल्लीत अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. धुळ्यात आम्ही बहिणी अशाच वाढलो. निबंधावर एकदा लाल रेघ आली, ‘भाषा अशुद्ध’, आणि कवितांची वही पेटीच्या तळाशी गेली ती दहा वर्षे.

ती पुन्हा वर आली ती बहिणाबाई चौधरींमुळे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तिशीत वैधव्य आले, पदरी तीन लेकरे. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचत, आणि तीही घरच्या लेवा बोलीत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी; ती गाणी कागदावर उतरली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले १९५२ मध्ये. म्हणजे आपले पुस्तक त्यांनी हातात कधी घेतलेच नाही! आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, पण आम्हाला मोठे वाटते ते त्यांचे जात्याजवळचे गुणगुणणे.

आता फजरनंतर चहा उकळेपर्यंत आम्ही लिहितो. अम्मीच्या तोंडचा शब्द जसा येईल तसा. शुद्धलेखन मागाहून बघू. शेजारच्या खालाला लिहिता येत नाही. पापड लाटता लाटता तिने आपल्या लग्नाच्या वरातीचा किस्सा सांगितला, तो तिच्या नातीने वहीत उतरवला. दुसऱ्या दिवशी खाला स्वतःच दारात हजर:

“बेटा, कल का किस्सा कां तक लिखी? वो बैलगाडी उलटी, वो तो मैंने बोलीच नहीं!”