वंशावळीतील लेकी : मुंबईच्या एका गव्हर्नराचे घराणे

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकावर उतरणाऱ्यास येथे हिरवळ कोठे आहे असा प्रश्न पडला तर नवल नाही. हे नाव मूळचे येथले नव्हेच. कोटातील सेंट टॉमस देवळापुढे पूर्वी मोकळे मैदान होते व त्यावर कापसाच्या राशी पडत. तेच पहिले कॉटन ग्रीन. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्यास गेला, आणि विसाव्या शतकात तो शिवडी-माझगावकडील भरणीच्या जमिनीवर आला. बाजाराबरोबर नावही चालत आले.

त्या देवळाचे काम आरंभिले ते गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने. पुढे ते सुमारे चाळीस वर्षे रखडले. १७१८ च्या नाताळात देऊळ उघडले, तेव्हा आँजियरला सुरतेस मरून एकेचाळीस वर्षे लोटली होती. १६६९ ते १६७७ या आठ वर्षांत त्याने मुंबईची घडी बसविली. १६७२ साली न्यायासन स्थापिले. दरसाल २०,००० शेराफिन घेऊन जमीनमालकांचे हक्क कायम करण्याचा करार केला. आणि दीवच्या नीमा पारेख या व्यापाऱ्यास आपला धर्म निर्वेधपणे पाळता येईल अशी हमी १६७७ साली दिली. आपल्या लोकांनी विश्वासाने मुंबईत वस्ती करावी, हा त्यातील हेतू उघड आहे.

हा पुरुष कोणत्या कुळातला? त्याचा आजा फ्रॅन्सिस आँजियर आयर्लंडात मोठ्या न्यायाधिकारावर होता व १६२१ साली त्यास लाँगफर्डची सरदारकी मिळाली. बाप अँब्रोज हा धर्मोपदेशक. थोरला भाऊ फ्रॅन्सिस हा १६७७ सालीच, म्हणजे जेराल्डच्या मृत्यूच्याच वर्षी, लाँगफर्डचा अर्ल झाला. डब्लिन शहरातील आँजियर स्ट्रीट आजही या घराण्याचे नाव सांगतो. परंतु थोरला अर्ल निपुत्रिक वारला, अर्लपद अँब्रोज नावाच्या भावाकडे गेले, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तोही गेल्यावर ते पद खुंटले. केवळ पुत्रपरंपरा लिहिणाऱ्या वंशावळीत आँजियरांची हकीकत येथेच संपली असती.

ती संपली नाही, कारण या भावंडांस अॅलिस नावाची बहीण होती. तिचा विवाह सर जेम्स कफ याच्याशी झाला. तिच्या वंशातील एलिझाबेथ कफ ही टॉमस पेकनहॅम याची पत्नी झाली. टॉमसला १७५६ साली लाँगफर्डची सरदारकी मिळाली आणि १७८५ साली खुद्द एलिझाबेथला लाँगफर्डची काउंटेस करण्यात आले. तिची नात किटी पेकनहॅम हिने १८०६ साली आर्थर वेलस्ली याच्याशी लग्न केले. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा, व पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला, तोच हा वेलस्ली! मुंबई वसविणाऱ्याचे घराणे आणि मराठेशाही खिळखिळी करणारा सेनापती यांस जोडणारा धागा एका लेकीच्या हातून ओवला गेला आहे.

मुंबईची गोष्ट तरी निराळी आहे काय? १६६१ च्या तहाने हे बेट पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबर आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाकडे गेले, व १६६८ साली वार्षिक दहा पौंड भाड्याने कंपनीस मिळाले. आँजियरच्या हाती जे आले तेही एका मुलीचे आंदणच होते.

आता आपल्या घरच्या वंशावळी पाहाव्या. मूळ पुरुषापासून दहा-बारा पिढ्यांची नावे आपण अभिमानाने दाखवितो; पण पुष्कळ जुन्या वंशावळींत लेकीच्या जागी नुसते 'कन्या' एवढेच आढळते, किंवा तेही नसते. त्यातच आपल्याकडे लग्नात मुलीचे नावही बदलण्याची चाल. पणजीचे सासरचे नाव ठाऊक असले तरी ती माहेरी कोण होती, हे सांगणारे माणूस बहुधा उरत नाही. अॅलिसचे नाव टिपून ठेवले गेले म्हणून तिचा वंश सापडतो. आपल्या अॅलिसा मात्र आपणच हरवीत आहोत.

यास मोठ्या संशोधनाची गरज नाही. घरात वृद्ध माणसे आहेत तोवर आजीचे, पणजीचे माहेरचे नाव, आडनाव व गाव विचारून घ्यावे. आत्यांची व त्यांच्या मुलाबाळांची नावे वहीत मांडावी आणि त्यांपुढे सनावळी घालावी. पुरुषांच्या नावांची वही पूर्वजांनी ठेवली. तीतील मोकळ्या जागा भरण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.