सामर्थ्याची कसोटी: करिंथ ते केडगाव

ख्रिस्ती श्रद्धेत पवित्र आत्मा म्हणजे केवळ एखादी प्रेरणा किंवा ऊर्जा नव्हे, तर पिता आणि पुत्र यांच्यासह एकच असलेल्या देवाच्या त्रैक्यातील तिसरी व्यक्ती होय. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला, हा आत्मा यरुशलेमेत जमलेल्या शिष्यांवर उतरला आणि त्यांना सामर्थ्य प्राप्त झाले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सांगितले आहे. नव्या करारात या सामर्थ्यासाठी ‘दुनामिस’ हा ग्रीक शब्द येतो आणि रोग बरे करणे, भुते काढणे, न शिकलेल्या भाषेत बोलणे, येऊ घातलेल्या गोष्टींची सूचना देणे अशी अनेक कृत्ये त्याच्याशी जोडली जातात. परंतु त्याच ग्रंथात शिमोन नावाचा एक जादूगार हे सामर्थ्य पैसे देऊन विकत मागतो आणि प्रेषित पेत्र त्याला कडक शब्दांत झिडकारतो, तेव्हा सामर्थ्याची हाव आणि सामर्थ्याचे दान यांतील भेद पहिल्या पिढीलाच उमगला होता हे स्पष्ट होते. सामर्थ्य खरोखर देवाचे आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न तेव्हापासून ख्रिस्ती मंडळीच्या पाठीशी आहे, आणि त्याचे सर्वांत सविस्तर उत्तर संत पौलाने ग्रीसमधील करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सापडते.

या प्रश्नाची चर्चा करताना सामर्थ्य आणि प्रीती यांचा ‘समतोल’ साधावा असे पुष्कळदा म्हटले जाते. या शब्दाने तराजूचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि एक पारडे जड झाले की दुसऱ्यात थोडी भर घालावी, असा अर्थ नकळत सूचित होतो. पौलाची मांडणी अशी नाही. त्याच्या लेखी प्रीती हे सामर्थ्याच्या समोरचे पारडे नसून सामर्थ्याचा कस पाहणारा दगड आहे, आणि हे का, ते करिंथची परिस्थिती पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

जुने करिंथ रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते, आणि सुमारे शंभर वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४४ मध्ये, ज्युलियस सीझरच्या पुढाकाराने ते नव्याने वसवण्यात आले. वस्तीसाठी आलेल्यांत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांचा मोठा भरणा होता. लेखाओन आणि किंख्रिया ही दोन बंदरे शहराच्या दोन बाजूंना असल्यामुळे पूर्व-पश्चिमेचा व्यापार तेथून होई आणि पैसा हाती खेळू लागे. जुनी खानदाने नसलेल्या अशा नव्या शहरात मोठेपणा मिळवावा लागे आणि मिळवलेला मोठेपणा चारचौघांत दाखवावाही लागे. पौल तेथे इसवी सन ५० च्या सुमारास आला आणि दीड वर्ष राहिला. डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखात रोमन अधिकारी गल्लियो, ज्याच्यापुढे पौलाला उभे करण्यात आले होते, याचा उल्लेख असल्याने हा काळ बऱ्याच नेमकेपणाने ठरवता येतो. पौल निघून गेल्यावर काही वर्षांतच मंडळीत गट पडले, आपसांतले तंटे न्यायालयात गेले, आणि प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून सर्वांनी एकत्र जेवण्याच्या प्रसंगी, सधन लोक आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. याच मंडळीला आपल्या आत्मिक सामर्थ्याचा मोठा अभिमान होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे पौलाच्या व्यथेचे मूळ सापडते.

पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल या सामर्थ्यांसाठी ‘खारिस्माता’ हा शब्द वापरतो. ‘खारिस’ म्हणजे कृपा, आणि ‘खारिस्मा’ म्हणजे कृपेने मिळालेली देणगी. मराठी ख्रिस्ती परंपरेत त्याला ‘कृपादान’ म्हणतात आणि या एका शब्दातच अर्धे उत्तर दडलेले आहे, कारण जे फुकट मिळाले त्याचा तोरा मिरवता येत नाही. ज्ञान, विश्वास, रोगनिवारण, चमत्कार, संदेश देणे, आत्मे ओळखणे, निरनिराळ्या भाषा बोलणे आणि त्यांचा अर्थ सांगणे अशी कृपादाने पौल मोजतो. यांतील भाषांचे दान म्हणजे प्रार्थनेच्या भरात बोलणाऱ्याच्या तोंडून त्याला स्वतःलाही न कळणारे शब्द येणे, आणि करिंथकरांना याच दानाची विशेष ओढ होती, कारण ते सर्वांत उठून दिसणारे होते. पौल मात्र देहाचा दृष्टान्त देऊन सांगतो की डोळा हाताला ‘तू मला नकोस’ असे म्हणू शकत नाही, आणि अध्यायाच्या शेवटी चमत्कार व रोगनिवारण यांच्या ओळीतच इतरांना साहाय्य करणे आणि कारभार पाहणे हीदेखील कृपादाने म्हणून नोंदवतो. वाचणाऱ्याच्या नजरेतून ही नोंद सहसा निसटते. परंतु आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे आणि मंडळीचा हिशेब चोख ठेवणे यांना चमत्काराच्या पंक्तीला बसवणे हे त्या शहरात लहानसहान धाडस नव्हते.

यानंतर तेरावा अध्याय येतो, जो आज प्रामुख्याने लग्नसमारंभात वाचला जातो आणि त्यामुळे वधूवरांच्या प्रेमाची स्तुती वाटू लागतो. वास्तविक तो एका भांडणाच्या मध्यभागी लिहिलेला आहे. येथे प्रीतीसाठी वापरलेला ‘आगापे’ हा शब्द दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून स्वतःला मागे ठेवण्याची वृत्ती दर्शवतो, आणि प्रीती काय करते व काय करत नाही हे पौल जवळजवळ केवळ क्रियापदांतून सांगतो. ती हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही, असे तो एकामागून एक नकार मांडतो, तेव्हा करिंथकरांचेच वर्तन तो त्यांच्यापुढे आरशासारखे धरत असतो. ‘फुगणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद या एका पत्रात सहा वेळा आले आहे, आणि आठव्या अध्यायात तर ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने उभारणी होते असा सरळ विरोध पौलाने दाखवला आहे. डोंगर हलवणारा विश्वास असला तरी प्रीतीवाचून माणूस काहीच नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. सामर्थ्य कमी ठरते असे तो म्हणत नाही. ते बाळगणारा माणूसच शून्य ठरतो असे म्हणतो.

चौदाव्या अध्यायात पौल थेट व्यवहारावर येतो आणि खरे पाहता या तीन अध्यायांचे मर्म येथेच आहे. एका सभेत दोघांनी, फार तर तिघांनी भाषांत बोलावे, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे, असा नियम तो घालून देतो. आपण स्वतः सर्वांपेक्षा अधिक भाषांत बोलतो हे तो कबूल करतो, परंतु मंडळीत न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात. बाहेरचा कोणी सभेत आला तर त्याला काय वाटेल, शेजारी बसलेल्याच्या पदरात काय पडेल, याचा विचार हीच येथे प्रीती आहे. ती मनातली ऊब नसून ऐकणाऱ्याची कदर आहे. मात्र याच अध्यायाच्या शेवटी भाषांत बोलण्यास मना करू नये असेही तो बजावतो. सामर्थ्याला घाबरून त्याच्यावर पाणी ओतणे आणि त्यालाच प्रीती म्हणणे, ही दुसऱ्या बाजूची चूक त्याला तितकीच अमान्य आहे.

करिंथकरांवर या पत्राचा परिणाम टिकला असे मात्र दिसत नाही. इसवी सन ९६ च्या आसपास रोमच्या मंडळीकडून, क्लेमेंट याच्या नावाने ओळखले जाणारे एक दीर्घ पत्र त्याच करिंथला पाठवावे लागले, कारण तेथे पुन्हा हेवेदावे माजले होते, आणि त्या पत्रातही प्रीतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. सिद्धी या समाधीच्या मार्गातील अडथळे ठरतात असे पतंजलीच्या योगसूत्रांत सांगितले आहे, आणि सिद्धींच्या बळावर वाघावर बसून आलेला चांगदेव ज्ञानदेवादी भावंडांपुढे नम्र झाला, ही कथा घरोघर ठाऊक आहे. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान एकच आहे असा याचा अर्थ नव्हे. पण चमत्कार हे साधुत्वाचे प्रमाणपत्र नाही, ही जाण मराठी मनात पूर्वीपासून मुरलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा जुना प्रश्न नव्या जोमाने उभा राहिला. अमेरिकेतील टोपेका येथे १९०१ मध्ये चार्ल्स परहॅम यांच्या शिकवणुकीतून असा सिद्धान्त पुढे आला की पवित्र आत्म्याने माणूस भरला गेल्याची खूण म्हणजे अन्य भाषांत बोलणे होय. त्यांच्याकडून हा विचार घेतलेले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक विल्यम सेमूर यांनी १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर सभा सुरू केल्या, आणि वर्णभेद समाजात खोलवर रुजलेला असताना तेथे गोरे आणि काळे एकत्र गुडघे टेकू लागले. परहॅम तेथे आले तेव्हा ही सरमिसळ त्यांना सहन झाली नाही आणि त्यांनी सभांची निर्भर्त्सना केली. भाषांचे दान असूनही माणूस आपल्या भावाला तुच्छ लेखू शकतो हे सेमूर यांनी पाहिले, आणि पुढे त्यांनी भाषांना आत्म्याचा निर्णायक पुरावा मानण्याचे सोडून प्रीतीवर भर दिला. पौलाने कागदावर मांडलेली कसोटी येथे एका अपमानातून पुन्हा हाती लागली.

अझुसा स्ट्रीटच्या आदल्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यातल्या केडगावात अशीच एक जागृती झाली होती. ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले; १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात होती. शेती, विणकाम, शिवणकाम, छपाई अशी कामे मुलींना शिकवली जात, अंध स्त्रियांसाठी वेगळी सोय होती, आणि समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. वेल्समधील धार्मिक जागृतीच्या वार्ता कानी आल्यावर १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्त्रियांचे गट जमवले, आणि जून महिन्याच्या अखेरीस मुली रडत आपली पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास मोठ्याने एकत्र प्रार्थना करू लागल्या. पुढे काही जणी अन्य भाषांतही बोलल्या. या गोंधळाने काही मिशनरी अस्वस्थ झाले. रमाबाईंनी मात्र तो दडपला नाही, कारण पाश्चात्त्य शिस्तीच्या साच्यात भारतीय स्त्रियांची भक्ती कोंबणे त्यांना रास्त वाटत नव्हते. त्याच वेळी, अन्य भाषा ही प्रत्येकासाठी आवश्यक अशी एकमेव खूण आहे हा आग्रहही त्यांनी स्वीकारला नाही.

मुक्ती सदनातील अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्याविषयी एक पुस्तिका लिहिली. ती चिलीमधील एका मेथडिस्ट मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि तेथे १९०९ मध्ये झालेल्या जागृतीला तिने चालना दिली. केडगावचे नाव अशा प्रकारे आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेन्टेकॉस्टल चळवळीच्या जगभरच्या इतिहासात नोंदले गेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात अजूनही फार थोड्यांना माहीत आहे.

केडगावात सामर्थ्य बिघडले नाही, याचे कारण क्रमात शोधावे लागते. तेथे भाकरी, निवारा आणि अक्षरओळख आधी आली, आणि आत्म्याचा आवेश ज्यांच्यावर उतरला त्या मुली रोज एकमेकींच्या जखमा धुणाऱ्या, एकमेकींचे दळण दळणाऱ्या होत्या. आजच्या रोगनिवारण सभांकडे पाहताना हा क्रम आठवावा लागतो. जेथे मंचावरचा माणूस मोठा होत जातो आणि बरा न झालेल्या रुग्णाला त्याचा विश्वासच कमी पडला असे सुनावले जाते, तेथे सामर्थ्याच्या नावाखाली क्रौर्य चालले आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे. स्वतः पौलाच्या शरीरातला ‘काटा’ तीनदा विनवणी करूनही काढला गेला नव्हता, आणि देवाचे सामर्थ्य दुर्बळतेत पूर्णत्वाला जाते हे त्याने करिंथकरांनाच, दुसऱ्या पत्रात, लिहून कळवले होते. येशूनेही महारोग्याला केवळ शब्दाने बरे केले नाही. ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला आधी हात लावला.

जागृतीच्या त्या दिवसांपासून रमाबाईंनी आयुष्याची उरलेली वर्षे मुख्यतः एका कामाला वाहिली. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून, कमी शिकलेल्या गरीब स्त्रीलाही समजेल अशा साध्या मराठीत आणणे, हे ते काम होते, आणि त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने त्या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. न कळणाऱ्या भाषांचे बोल जिच्या अंगणात दुमदुमले, त्याच स्त्रीने कळणाऱ्या पाच शब्दांसाठी इतके कष्ट घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर केडगावलाच, मुक्ती सदनाच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापून बाहेर पडले.