संगमावरचे अरण्य : चपराळा

एकीकडे वर्धा आणि दुसरीकडे वैनगंगा अशा दोन महानद्यांनी कवेत घेतलेला गोंडपिपरी तालुका नकाशावर जवळजवळ द्वीपकल्पच भासतो. आणि समुद्रातील एखाद्या बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानाची यात्रा ज्यास द्रव्याअभावी वा सवडीअभावी साधत नाही, त्याने वैनगंगेवरील पूल ओलांडून, आष्टीमार्गे, गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीतील चपराळा अभयारण्य अवश्य पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

स्थापना १९८६, क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर. याच परिसरात वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन त्यांच्या एकत्रित प्रवाहास प्राणहिता हे नाव प्राप्त होते, आणि ती प्राणहिता महाराष्ट्र व तेलंगण यांची सरहद्द आखीत सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते. संगमानजीकचे प्रशांतधाम हे हनुमंताचे स्थान भाविकांच्या विशेष श्रद्धेचे आहे.

साग, ऐन, बांबू आणि मोह ही येथील वनसंपदा. चैत्रातील पहाटे मोहाखाली पिवळसर, मांसल, उग्र मधुर गंधाच्या फुलांचा सडा पडतो. तो वेचण्यास टोपल्या घेऊन गावकरी येतात, आणि त्याच फुलांच्या ओढीने अस्वलही येते. म्हणून अंधुक उजेडात एकट्याने मोहाजवळ जाऊ नये.

अरण्यप्रवेशास वनखात्याची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचा विसर्ग वाढला की वैनगंगा चढते आणि रहदारी खोळंबते. त्या दिवसांत पुलाची चौकशी केल्यावाचून घर सोडू नये.