वैद्यकाच्या गुरूंची बढती

वैद्यक महाविद्यालयांतील अध्यापकाची नेमणूक कशी होते, तो कायम केव्हां होतो आणि त्यास बढती कशावर मिळते, हा प्रश्न वरवर पाहतां कचेरींतील कारकुनांचा वाटतो. परंतु घरांतील माणूस अंथरुणास खिळलें म्हणजे ज्याच्या हातीं आपण त्याची नाडी देतों, तो डॉक्टर कोणाच्या हाताखालीं तयार झाला, आणि त्या गुरूचें चित्त शिष्यांकडे होतें कीं अन्यत्र, यावर रोग्याचें बरें-वाईट पुष्कळ वेळां अवलंबून असतें. मनुष्य ज्या मापानें मोजला जातो, त्या मापाकडे नजर ठेवून वागतो. म्हणून बढतीचें माप कोणतें, हें आपण गृहस्थांनींहि जाणून घेणें अवश्य आहे.

मुंबईचाच इतिहास पाहा. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें आणि १८५१ मध्यें बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान होता. विद्यार्थी एतद्देशीय असले, तरी अध्यासनें मात्र दीर्घकाळ बहुतांशीं इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे राहिलीं. ही सेवा मूळची लष्करी. तिची परीक्षा १८५५ पासून भारतीयांस खुली झाली खरी, पण ती विलायतेंत होत असे. तेथवर जाण्याचा खर्च किती घरांस झेपणार? शिवाय आज अध्यापक असलेला अधिकारी उद्यां जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन होई आणि युद्ध पेटलें कीं पलटणींत परत जाई. त्या अधिकाऱ्यांत चांगले शिक्षकहि होऊन गेले. परंतु शिकविण्याची योग्यता पाहण्यापूर्वीं सेवा कोणती हें पाहिलें जाई, हा त्या मापाचा दोष होता.

त्यास उत्तर मिळालें परळ येथें. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नांवें वैद्यक महाविद्यालय काढण्यास देणगी देतांना विश्वस्तांनीं अट घातली कीं, तेथील अध्यापक योग्य पदव्या मिळविलेले, सरकारी नोकरींत नसलेले, स्वतंत्र भारतीयच असावेत. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाच्या जोडीनें १९२६ सालीं हें महाविद्यालय सुरू झालें. डॉ. जीवराज मेहता हे त्याचे पहिले अधिष्ठाते. देणगीचा आंकडा लोक विसरले असतील; परंतु नेमणुकीच्या त्या एका अटीनें आपल्या मुलांस अध्यासनाची वाट मोकळी करून दिली.

इंडियन मेडिकल सर्व्हिस १९४७ मध्यें संपली. तिच्या मापाच्या जागीं पुढें दोन मापें रूढ झालीं. एक वर्षांचें आणि दुसरें शोधनिबंधांचें. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत साहाय्यक प्राध्यापकास सहयोगी प्राध्यापक होण्यासाठीं ४ वर्षांचा अनुभव आणि २ शोधनिबंध आवश्यक ठरविले होते. अध्यापनतंत्राचा एक लहान अभ्यासक्रमहि त्यांत होता, ही समाधानाची गोष्ट. २०२५ च्या नियमांनीं आणखी एक दार उघडलें; मोठ्या सरकारी रुग्णालयांत १० वर्षें काम केलेल्या तज्ज्ञास अध्यापनाचा पूर्वानुभव नसतांहि सहयोगी प्राध्यापक होतां येतें. शिक्षकांची उणीव भरून काढण्याचा हा उपाय आहे.

वर्षें मोजणें सोपें आणि निबंध मोजणेंहि सोपें. पण सोपें माप म्हणजे खरें माप नव्हे. संशोधनाविना वैद्यक निर्जीव होईल, हें मान्य. तथापि ज्यास संशोधनाची ना सवड ना साधन, अशा अध्यापकावर निबंधाची सक्ति केली म्हणजे निबंध होतात, संशोधन होत नाहीं. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें अशाच सक्तीवर पोसलीं. २०१५ सालीं तेव्हांच्या वैद्यक परिषदेनें पहिल्या व दुसऱ्या लेखकासच श्रेय द्यावें असा दंडक घातला. मग सहकाऱ्यांत नांवाच्या क्रमावरून चुरस लागली तर नवल काय? पुढें तो दंडक सैल करावा लागला. या साऱ्या धडपडींत रोग्याच्या खाटेशीं उभें राहून श्वासाचा आवाज ऐकण्यास शिकविणाऱ्या गुरूचा तास कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढें येतो. निवाडा करणारी परिव्राजिका विद्या असणें आणि ती देतां येणें हे दोन भिन्न गुण मानते, आणि आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांवरून घ्यावी असें ठरतें. अमेरिकेंतील अनेक वैद्यक महाविद्यालयें आज याच विचाराच्या जवळ आलीं आहेत. चिकित्सा आणि अध्यापन यांस वाहून घेणाऱ्यांसाठीं तेथें बढतीचा निराळा मार्ग आहे. विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि पाठ प्रत्यक्ष पाहिलेल्या सहकाऱ्यांचें मत त्यांत विचारांत घेतात.

राहिला नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघानें १९४० च्या निवेदनांत असें तत्त्व मांडलें कीं, उमेदवारी फार तर ७ वर्षें असावी आणि नंतर नोकरी कायम व्हावी. हेतु हा कीं, अध्यापकानें सत्य निर्भयपणें बोलावें. आपल्याकडे महाराष्ट्रांतील सरकारी महाविद्यालयांत कायम नेमणूक लोकसेवा आयोगामार्फत होते. परंतु ती होईपर्यंत कित्येक तरुण अध्यापक हंगामी हुकुमांवर दिवस काढतात. ज्याचा हुकूम कांहीं महिन्यांनीं संपणार, तो वरिष्ठांस “हें औषध चुकीचें आहे” असें कसें म्हणणार? कायमपणामुळें आळस वाढतो, हा आक्षेप खोटा नाहीं. पण त्यावर उपाय आहे: कायम करण्यापूर्वीं कसून पारख करावी, आणि पुढेंहि ठराविक काळानें शिष्यांच्या तयारीवरून गुरूचें काम तपासावें.

आपल्या मुलामुलींस वैद्यकास पाठवितांना आपण फी विचारतों, वसतिगृह पाहतों. यापुढें आणखी दोन गोष्टी विचाराव्या: येथें कायम अध्यापक किती, आणि रोग्याच्या खाटेशीं कोण शिकवितो? हे प्रश्न पुष्कळ घरांतून विचारले जाऊं लागले, तर त्यांचीं उत्तरें तयार ठेवणें संस्थांनाहि भाग पडेल.