नवा मॉनिटर, जुने ग्राफिक्स कार्ड : मेळ कसा साधाल?

बंगळूर - संगणकाच्या सुट्या भागांसाठी शहरातील एस. पी. रोडची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. जुन्या संगणकाला नवा मॉनिटर जोडल्यावर पडदा काळाच राहिला, की ग्राफिक्स कार्ड बदलावे लागणार, असा अनेकांचा समज होतो. मात्र हा खर्च प्रत्येक वेळी आवश्यक नसतो.

पहिली अडचण पोर्टची असते. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेले व्हीजीए पोर्ट अ‍ॅनालॉग सिग्नल पाठवते. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट डिजिटल आहेत. इंटेल, एएमडी आणि अन्य काही कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीए मागे घेण्याचे डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केले होते. त्यामुळे अनेक नव्या मॉनिटरवर हे पोर्ट आढळत नाही. अशा वेळी साधी केबल उपयोगी पडत नाही, सिग्नलचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. कार्डावर डिजिटल डीव्हीआय पोर्ट असल्यास मात्र एचडीएमआय मॉनिटरसाठी साधी केबलही पुरते.

दुसरी अडचण क्षमतेची. सिंगल लिंक डीव्हीआयवरून सेकंदाला ६० वेळा १९२० बाय १२०० पिक्सेलपर्यंतचे चित्र पाठवता येते. एचडीएमआय १.४ (२००९) फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवते. ६० वेळांची सोय २०१३ मधील एचडीएमआय २.० पासून झाली. म्हणूनच जुन्या कार्डावर फोर-के मॉनिटर सुरू होऊनही माऊसचा बाण अडखळत सरकतो. १९२० बाय १०८० पिक्सेल निवडल्यास रेखीवपणा घटतो, पण हालचाल सुरळीत होते.

तिसरे कारण कार्डातील फर्मवेअरचे. डिस्प्लेपोर्ट १.३ व १.४ च्या मॉनिटरवर एनव्हिडियाची काही जुनी कार्डे विंडोज सुरू होईपर्यंत चित्र दाखवत नसत. कंपनीने २०१८ मध्ये त्यावर फर्मवेअर सुधारणा उपलब्ध केली. ती बसवताना संगणक एचडीएमआय किंवा डीव्हीआयने जोडून सुरू करता येतो.

खरेदीपूर्वी कार्डाचे मॉडेल, त्यावरील पोर्ट आणि त्याचे कमाल रिझोल्यूशन लिहून घ्यावे. एवढे करूनही नवे कार्ड घ्यावेच लागले, तर संगणकाचा पॉवर सप्लाय त्याला पुरेल का, हे तपासावे. जुने कार्ड कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावे.